वाणसामानाची एकवीस दिवसांची यादी

प्रश्न : माझी पत्नी ५४ वर्षांची असून तिचे वजन ५५ किलो आहे. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि आता दर २१ दिवसांनी केमोथेरपी चालू आहे. दोन डोस झाले आहेत. मधुमेह नाही. ती अंडी खाते, मटण-मासे खात नाही. आजवर स्वयंपाक आणि वाण्याची यादी हे दोन्ही तिच्याकडे होते, आता ते माझ्याकडे आले आहे. पहिल्या डोसनंतर तिच्या आवडीचे सगळे सामान मी एकदम भरले आणि त्यातले निम्मे वाया गेले. ती म्हणते की प्रत्येक घासाला लोखंडाची चव लागते आणि फोडणीच्या वासाने पोटात ढवळते. भेटायला येणारा प्रत्येक जण वेगळे पथ्य सांगतो : साखर बंद करा, दूध बंद करा, गव्हांकुराचा रस द्या, गुळवेलीचा काढा द्या, शेळीचे कच्चे दूध द्या. संकष्टीचा उपवास सोडायलाही ती तयार नाही. ती जेवत नाही म्हणून माझा आवाज चढतो आणि मग दोघेही उपाशी राहतो. काय आणावे, किती आणावे आणि तिला किती आग्रह करावा?
– सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर :

तुमच्या पत्रातला सगळ्यांत उपयोगाचा तपशील तुम्ही ओघात लिहून गेला आहात, तो म्हणजे ‘दर २१ दिवसांनी’. आपल्याकडे वाणसामानाची यादी पगाराच्या तारखेला बांधलेली असते. महिन्याच्या सुरुवातीला डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे भरून ठेवले की पुढे फक्त भाजीबाजार उरतो. केमो चालू असलेल्या घरात ही पद्धत निभत नाही, कारण डोसनंतरच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत जे घशाखाली उतरते ते तिसऱ्या आठवड्यात अपुरे पडते आणि तिसऱ्या आठवड्यात जे हौसेने खाल्ले जाते त्याचा पहिल्या आठवड्यात वासही नकोसा होतो. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या डोसची तारीख लिहा, तो पहिला दिवस धरा, तिथून पुढच्या २१ दिवसांचे तीन भाग पाडा आणि प्रत्येक भागाची खरेदी त्या त्या वेळी करा.

औषधांची नावे तुम्ही कळवलेली नाहीत. स्तनाच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या डोसांमध्ये बहुधा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी असते. यातले पहिले औषध लाल रंगाचे असते, म्हणून रुग्ण त्याला ‘लाल केमो’च म्हणतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. (त्याचा दोष आदल्या दिवशीच्या बिटाच्या कोशिंबिरीला देऊ नये.) पुढचे उत्तर मी ही जोडी गृहीत धरून लिहीत आहे. पुढे औषध बदलून पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल सुरू झाले, तर सहसा मळमळ कमी होते आणि तोंड येणे, अंग दुखणे, बोटांना मुंग्या येणे हे त्रास पुढे येतात. तेव्हा यादी पुन्हा नव्याने करावी लागेल.

पहिल्या भागात, म्हणजे डोसचा दिवस आणि त्यापुढचे पाच दिवस, मळमळ हाच मुख्य प्रश्न असतो. पुष्कळांचा असा समज होतो की डोसचा दिवस बरा गेला म्हणजे सुटलो. प्रत्यक्षात दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतची मळमळ कित्येकदा पहिल्या दिवसापेक्षा चिवट असते. म्हणून उलटीवरच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळीच द्याव्यात, ढवळू लागल्यावर शोधू नयेत. या गोळ्यांतल्या ऑनडॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो, हे लक्षात ठेवून सायंकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका, पिकलेली पपई आणि पुरेसे पाणी यांची सोय आधीच करून ठेवा. याच दिवसांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही दिले जाते. त्याने कधी खोटी भूक लागते, झोप उडते आणि औषध संपल्यावर एकदम गळून गेल्यासारखे होते. एक दिवस चांगले जेवून दुसऱ्या दिवशी वहिनींनी ताट सरकवले, तर त्यात लहरीपणा नाही.

आवडीचे सामान वाया का गेले, याचे उत्तर याच दिवसांत सापडते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ आयलीन बर्नस्टीन यांनी १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. केमो घेणाऱ्या मुलांना डोसच्या आधी एका अनोळखी चवीचे आइस्क्रीम दिले गेले. पुढे त्यांपैकी पुष्कळ मुले नेमके तेच आइस्क्रीम टाळू लागली. मळमळ औषधाने होते हे ठाऊक असले तरी शरीर तिचा ठपका आधी खाल्लेल्या पदार्थावर ठेवते. त्यामुळे डोसच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस वहिनींचे सगळ्यांत आवडते पदार्थ मुद्दाम करू नका. त्यांना शेंगांची चटणी आणि धपाटे आवडत असतील, तर ते तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. या दिवसांत साधे, ज्याच्याशी फारसा जीव गुंतलेला नाही असे अन्न बरे.

असे अन्न म्हणजे मेतकूट घातलेला मऊ भात, तांदळाची पेज, मूगडाळीची पातळ खिचडी, इडली, ज्वारीच्या लाह्या, टोस्ट, राजगिऱ्याची वडी, केळे, दह्यापेक्षा ताक आणि कोकमाचे सार. वाढण्याची रीतही बदला. भरलेले ताट समोर आले की खाण्याआधीच मन भरते. म्हणून लहान वाटीत चार चमचे मऊ भात, त्यावर चमचाभर मेतकूट आणि अर्धा चमचा तूप एवढेच द्यावे आणि दर दोन तासांनी काहीतरी द्यावे. रात्री उशाशी दोन टोस्ट किंवा लाह्यांची डबी असू द्या. सकाळी उठण्यापूर्वी तोंडात काही टाकले तर रिकाम्या पोटीची मळमळ कमी जाणवते. पाणी जेवताना घटाघट पिण्यापेक्षा दोन खाण्यांच्या मध्ये घोटाघोटाने प्यावे, पण दिवसाचे दोन ते अडीच लिटर व्हायला हवे, कारण सायक्लोफॉस्फमाइडचे अवशेष लघवीवाटे जाताना मूत्राशयाला दाह करतात. पाणी नको वाटले तर लिंबू सरबत, नारळपाणी, पातळ ताक, पेजेचे पाणी हे सगळे त्या हिशेबात धरता येते.

वासाचा बंदोबस्त हा स्वयंपाकाइतकाच महत्त्वाचा आहे. ऊन अन्नाला वास अधिक येतो, म्हणून कोमट किंवा गार झालेले द्या. तिखट-मिठाच्या फोडण्या, लसूण परतणे, कोबी-फ्लॉवर शिजवणे, दूध उतू जाऊन जळणे हे सगळे त्या ज्या खोलीत पडलेल्या असतात तिथपर्यंत पोहोचते. दिवसाची एकच फोडणी सकाळी, त्या अंगणात किंवा गच्चीवर असताना करून घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि कुकरचे झाकण त्यांच्या समोर उघडू नका. शेजारी कोणी डबा देतो म्हणत असेल तर या पाच दिवसांपुरता घ्यावा. तुमच्या घरात फोडणी न होणे हीच त्या डब्याची खरी मदत आहे.

लोखंडाच्या चवीची तक्रार फार जणांची असते. स्टीलचा चमचा-वाटी काही दिवस बाजूला ठेवून लाकडी चमचा आणि चिनी मातीची वाटी वापरून पाहा. जेवणापूर्वी चूळ भरावी; एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून ते दिवसभरात चार-पाच वेळा वापरता येते, पाणी रोज नवे करावे. तोंड आलेले नसेल तर आमसूल, लिंबू, चिंच, पुदिना यांनी ती चव झाकली जाते. तोंड आले असेल तर मात्र हे सगळे उलटे करावे लागते : आंबट आणि तिखट बंद, आणि दुधात कुस्करलेली मऊ भाकरी, नाचणीचे सत्त्व, शेवयांची खीर, शिजवून घोटलेला लाल भोपळा, चिकू अशा गुळगुळीत पदार्थांवर यावे.

इथे दुसऱ्या वाचकांसाठी एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध दिले जाते आणि त्यानंतर काही दिवस गार पाणी प्यायले किंवा फ्रीजमधले भांडे हातात घेतले तरी घसा आवळल्यासारखा होतो, बोटे झिणझिणतात. त्या रुग्णांना ‘गार खा’ हा वरचा सल्ला लागू नाही. एका घरातले पथ्य दुसऱ्या घरात उचलून नेऊ नये, ते याचसाठी.

दुसरा भाग साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाचा. मळमळ ओसरलेली असते, चेहऱ्यावर थोडी टवटवी आलेली असते आणि घरच्यांना वाटते की आता काळजी मिटली. पण पांढऱ्या पेशी याच दिवसांत सर्वांत खाली गेलेल्या असतात आणि एरवी पोट बिघडण्यापलीकडे न जाणारा जंतू रुग्णालयात भरती होण्याचे कारण ठरू शकतो. पूर्वी अशा वेळी कच्ची फळे-भाज्या सरसकट बंद करत. नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की एवढी कडक बंदी आणि नुसती काटेकोर स्वच्छता यांत संसर्गाच्या बाबतीत फरक पडत नाही. त्यामुळे आता भर स्वच्छतेवर असतो. तरीही आपल्याकडचे पाणी, नळाच्या वेळा आणि उघड्यावरचा भाजीबाजार पाहता मी या आठवड्यापुरती शिजवलेली भाजी आणि सोलून खाण्याची फळे यांच्याच बाजूची आहे. केळी, संत्री, मोसंबी, पपई, चिकू आणि तुमच्या भागात मुबलक मिळणारी सांगोल्याची डाळिंबे ही या आठवड्याची फळे. द्राक्षे आणि हिरव्या पालेभाज्यांची कोशिंबीर तिसऱ्या आठवड्यात. तुमच्या डॉक्टरांचा नियम यापेक्षा कडक असेल, तर तोच पाळावा.

आता काय आणू नये तेही सांगते. सुटे, उघडे ठेवलेले पनीर, कापून ठेवलेली फळे, बाहेरचा उसाचा रस आणि बर्फ, भेळ-पाणीपुरीच्या चटण्या, कच्ची मोड आलेली कडधान्ये, कारण मोड येण्याच्या उबेतच जंतूही वाढतात. मोडाची मटकी हवी असेल तर पूर्ण शिजवून उसळ करावी. अंडी आतपर्यंत घट्ट उकडावीत. गवळ्याचे दूध असो वा पिशवीचे, उकळूनच वापरावे आणि दही घरी उकळलेल्या दुधाचे, ताजे असावे. सत्यनारायणाच्या किंवा पंढरपूरहून आलेल्या पंचामृतात कच्चे दूध आणि विहिरीचे पाणी असू शकते. या दिवसांत तीर्थ डोळ्यांना लावावे, प्रसादाचा शिरा गरम असेल तर खावा. वारीहून आलेल्या माणसाला नाही म्हणणे वहिनींना जड जाईल, म्हणून ते वाक्य तुम्हीच बोलायचे आहे.

उरलेल्या भाताबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण सकाळचा फोडणीचा भात ही आपली फार जुनी सवय आहे. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा परतूनही नष्ट होत नाही. म्हणून भात लागेल तेवढाच करावा. उरला तर उथळ भांड्यात पसरून दोन तासांच्या आत, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तासाभरात, फ्रीजमध्ये ठेवावा. डब्यावर कागदी पट्टी लावून तारीख आणि वेळ लिहावी, दुसऱ्या दिवशीच एकदाच वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा, नाहीतर टाकून द्यावा. वीज वारंवार जात असेल तर रुग्णासाठी उरलेले अन्न ठेवूच नये. अन्न टाकताना जीव तुटतो हे खरे. तो तुटू नये म्हणून कमी शिजवणे हाच मार्ग आहे.

तिसरा भाग पंधराव्या दिवसापासून पुढच्या डोसपर्यंतचा. ही कमाईची वेळ आहे. चव बरीचशी परत येते, भूक लागते आणि शरीर झालेली झीज भरून काढत असते, म्हणून चांगले, पोटभर आणि आवडीचे जेवण याच आठवड्यात व्हायला हवे. यात लक्ष द्यायचे ते प्रथिनांकडे. उपचार चालू असलेल्या प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाला रोज ६६ ते ८२ ग्रॅम. आपल्या नेहमीच्या वरण-भात-भाजी-भाकरीत ती सहज निम्म्यावर राहतात. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, दिवसभरातल्या अर्धा लिटर दूध-दह्यातून १६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅम, दोन वेळच्या वरणासाठी घेतलेल्या ६० ग्रॅम कच्च्या डाळीतून १४ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-साडेसात ग्रॅम आणि भाकरी-भातातून आणखी दहाएक ग्रॅम, असा हिशेब केला की साधारण ६८-६९ ग्रॅम होतात आणि यातला एकही पदार्थ तुमच्या वाण्याकडे नाही असे नाही.

महागड्या पोषण-पावडरीचा डबा घेण्यापूर्वी मागचा तक्ता वाचा. त्यांतल्या पुष्कळ डब्यांत साखरच अधिक असते. साध्या स्निग्धांशरहित दूध पावडरीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात. अर्धा लिटर दुधात चार मोठे चमचे ही पावडर घोटून ठेवली, तर तेच दूध चहाला, खिरीला आणि नाचणीच्या सत्त्वाला वापरता येते आणि पोट न फुगवता प्रथिने वाढतात. फुटाण्याच्या डाळ्यांचे पीठ, शेंगदाण्याचे कूट आणि मेतकूट यांचाही असाच उपयोग आहे. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निर्दयपणे काढून टाका, कारण बुरशीचे विष अशाच दाण्यांत असते. हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञाने विशिष्ट पावडर लिहून दिली असेल तर ती अर्थातच घ्यावी. माझा आक्षेप जाहिरात पाहून आणलेल्या डब्याला आहे.

डिंकाचे लाडू, तुपाचा शिरा, सुकामेवा यांचा मारा करण्यापूर्वी मात्र वजनकाटा पाहा. कर्करोग म्हटले की माणूस वाळणारच, असे सगळे धरून चालतात. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोत स्टेरॉइड, कमी हालचाल आणि मळमळ टाळण्यासाठी सतत काहीतरी तोंडात टाकणे यांमुळे वजन वाढलेल्या बायकाही पुष्कळ असतात. वजन टिकून असेल तर प्रथिने वाढवावीत, तूप-साखर वाढवू नये. ते घटत असेल तर प्रत्येक वाटीत चमचाभर तूप, साय किंवा शेंगदाण्याचे कूट घालावे.

आता सामान किती आणावे ते. कोरडे सामान एका चक्रापुरते, म्हणजे दोन किलो जुना तांदूळ, एक किलो मूगडाळ, अर्धा किलो तूरडाळ, अर्धा-अर्धा किलो शेंगदाणे, डाळे आणि नाचणीचे सत्त्व, अर्धा किलो दूध पावडर, मेतकूट आणि आमसुले शंभर-दोनशे ग्रॅम. हे रुग्णाचे आणि बऱ्याच अंशी तुमचेही झाले. ज्वारीचे पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे. शिळ्या पिठाची भाकरी कडवट लागते आणि जिथे आधीच चव बिघडलेली आहे तिथे ती परत ताटात उरते. अंडी सहा-सहा, पनीर बंद पाकिटातले २०० ग्रॅम, तारीख पाहून. हेच सामान डोसच्या आदल्या दिवशी भरून ठेवा, म्हणजे पुढचे चार दिवस त्यांना एकटे सोडून बाजारात जावे लागणार नाही. भाजी सातव्या दिवसापासून एक दिवसाआड, थोडी : दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, गाजर. कोणताही नवा पदार्थ आणायचा झाल्यास लहानात लहान पाकीट आणावे, कारण मागच्या चक्रात चाललेली वस्तू या चक्रात चालेलच अशी खात्री नसते. आठवडी बाजारातले स्वस्त म्हणून घेतलेले पाच किलोचे पोते या काळात महागच पडते.

नातेवाइकांच्या पथ्यांकडे येते. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. शरीरातल्या सगळ्याच पेशी ग्लुकोज वापरतात आणि आपण ते खाल्ले नाही तर यकृत ते तयार करते. मधुमेह नसलेल्या बाईने पेजेत चिमूटभर गूळ किंवा चहात साखर घेतली तर बिघडत नाही. स्टेरॉइडच्या दिवसांत रक्तातली साखर वाढू शकते एवढे लक्षात ठेवून मिठाईचे खोके दूर ठेवावेत. दूध बंद करण्याचे कारण नाही. जुलाब चालू असतील तेव्हाच काही दिवस दुधाऐवजी ताक घ्यावे. शेळीचे कच्चे दूध मात्र मुळीच नको, कारण त्यातून ब्रुसेलोसिससारखा चिवट ताप येऊ शकतो. गव्हांकुराचा रस हा कच्च्या कोंभांचाच रस असल्याने तो मोड आलेल्या कडधान्यांच्या रांगेत बसतो. गुळवेलीबाबत सांगायचे तर कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली होती; आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा, पण जिथे केमोची औषधे यकृतातूनच जात आहेत तिथे हा प्रयोग करण्यासारखा नाही. भाजीतली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाहीत. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे काही औषधांचे रक्तातले प्रमाण बदलतात, तीही विचारूनच. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढत नाही. फळ म्हणून खावीत. पांढऱ्या पेशी वाढवणारे कोणतेही फळ किंवा सूप नाही, त्यासाठी इंजेक्शन असते आणि ते कधी द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. हे सगळे प्रत्येक पाहुण्याला पटवत बसू नका. ‘डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय काही द्यायचे नाही’ एवढेच सांगा.

उपवासाचा मुद्दा वादाने सुटणार नाही. संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेआठ-नऊच्याही पुढे जातो आणि दिवसभराचे रिकामे पोट, गोळ्या आणि कमी पाणी हे या उपचारात परवडणारे नाही. आजारी माणसाला उपवासाची सूट असते, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईने किंवा तुमच्या गुरुजींनी सांगितले तर वहिनी अधिक ऐकतील. पहिल्या सहा दिवसांत संकष्टी आली तर उपवास नकोच. तिसऱ्या आठवड्यात आली आणि त्यांनी धरलाच, तर दिवसातून पाच वेळा खाण्याचा उपवास करावा : दूध, राजगिऱ्याच्या लाह्या, वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, दही, केळे. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने जवळजवळ नसतात, जी असतात ती दाण्याच्या कुटाची. म्हणून ती त्या दिवसाचे मुख्य अन्न होऊ नये.

आणि आग्रह. पहिल्या पाच दिवसांत तो अजिबात करू नका. त्या दिवसांत पाणी पोटात राहिले, गोळ्या वेळेवर गेल्या आणि दोन तासांनी चार घास गेले तर तेवढे पुरे. ‘काय करू?’ असे विचारूही नका, कारण ढवळत असताना पदार्थाची नुसती कल्पना करणेही त्रासाचे असते. वाटी समोर ठेवावी, दहा मिनिटांनी उचलावी, काही बोलू नये. तिसऱ्या आठवड्यात मात्र थोडा आग्रह हक्काने करा, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही जेवायला बसा. आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलेल्या बाईला एकटीने, कोणाच्या तरी नजरेखाली जेवणे अवघड जाते. यादी करताना त्यांनाच शेजारी बसवून विचारलेत तर दोन गोष्टी साधतील : डाळ कोणत्या दुकानातली चांगली हे तुम्हाला कळेल, आणि स्वयंपाकघर आपल्या हातातून गेले ही त्यांची खंत कमी होईल.

घरगुती उपाय कुठे थांबवायचे तेही ठरवून ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर क्रोसिनची गोळी देऊन सकाळची वाट न पाहता, रात्री कितीही वाजले असले तरी रुग्णालयात फोन करायचा. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, दिवसातून चार-पाच वेळांहून अधिक जुलाब होत असतील, तोंड आल्यामुळे गिळता येत नसेल, लघवीत रक्त किंवा जळजळ असेल, तरी तसेच. जुलाबात तोवर जलसंजीवनी द्यावी; पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. फळांच्या चवीची गोड पेये त्या जागी चालत नाहीत.

एक छोटी वही घाला. त्यात दर सोमवारी सकाळी, न्याहारीपूर्वी घेतलेले वजन आणि त्या आठवड्यात कोणता पदार्थ चालला, कोणता परत आला हे लिहा. महिन्याभरात अडीच-तीन किलो वजन उतरले तर पुढच्या डोसपर्यंत न थांबता कळवावे. डोसच्या दिवशी ही वही सोबत न्या आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : औषधांची नावे काय, पेशी कोणत्या दिवशी सर्वांत कमी असतील, दही आणि कच्ची फळे कधी चालतील, आणि आहारतज्ज्ञांना त्याच फेरीत भेटता येईल का. उत्तरे मिळाली की माझ्या यादीत त्याप्रमाणे खुशाल खाडाखोड करा.